झुलालच्या बांधावरची भाजी

— नाही ताई, 'जमिनीच्या आरोग्यासाठी' असंच लिहा. तणनाशक का सोडलं, हेच विचारताय ना? मागच्या महिन्यात तुमच्या शेतकी खात्याचे साहेब आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. 'झुलालभाऊंचा आदर्श घ्या' म्हणून सभेत बोललेपण ते. मी आपला खाली मान घालून बसलो. का म्हणजे? लाज वाटत होती — हे लिहू नका. चहा घ्या.

हा बांध बघा. तांदुळजा, घोळ, पाथरी — सगळं आपोआप उगवतं. आमच्यात बांधावरची भाजी मालकाची नसते, खुडायला आलेल्या बाईला हटकायचं नाही. आई मरेपर्यंत हेच सांगायची. मी कधीच कुणाला हटकलं नाही. तीन वर्षांपूर्वीसुद्धा नाही. तेव्हा निंदायला मजूर मिळेनात, म्हणून पंप पाठीवर घेतला, कपाशीच्या ओळींबरोबर बांधही भिजवून टाकला. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली धुरपदाअक्का ओटी भरभरून खुडत होती. औषध मारल्यावर भाजी लगेच वाळत नाही ताई, दोन दिवस हिरवीगार दिसते. मी इथंच, ह्या निंबाखाली बसलेलो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आईचा शब्द पाळला, म्हणून गप्प बसलो — असं मी स्वतःला सांगतो. खोटंय. सोबत चार बाया नुसत्याच बोलत उभ्या होत्या, त्यांच्यादेखत 'बांधावर विष मारलंय' म्हणायला जीभ रेटली नाही. वाटलं, धुऊनच शिजवेल की. धुतलीच तिनं. तरी पंधरा दिवस पाचोऱ्याच्या दवाखान्यात होती. डॉक्टर विचारायचे, काय खाल्लं, काय खाल्लं — मी खाटेजवळ शहाळं घेऊन उभा. बोललो नाही.

पंप त्याच आठवड्यात भंगारात दिला. आता हातानं निंदतो. माती सुधारली म्हणता? सुधारली असेल. मी मातीसाठी काही केलं नाही.

ती बघा, आलीच. चार पावलं टाकली की थांबते — दम लागतो तिला तेव्हापासून. पहिली जुडी मलाच देते. गावभर सांगते, 'झुलालभाऊना बांधनी भाजी गोड शे, देवमाणूस शे तो.' अन् मी खातो ती, ताई. बठ्ठी खातो, एक पान टाकत नाही.

तिला काय विचारणार तुम्ही? नको — वही मिटा आधी. ये ना अक्का, बस. ह्या ताई निघाल्याच होत्या. निघा ताई.