लूम स्ट्रीटची पायरी

इंग्लंडमधल्या बर्न्लीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एव्हरिल नंबराची वाट पाहत बसली होती. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि शेजारी त्यांच्याहून जरा लहान अशा बाई; मध्ये बाईंची पिशवी. दोघांची ओळख नव्हती, तरी म्हातारे बोलायला लागले आणि ते एव्हरिलच्या कानावर पडत राहिलं.

"बाहेर गाड्या लावतात ना, तिथंच लूम स्ट्रीट होती."

"अगबाई! तुम्ही आमच्या गल्लीतले? कुठल्या घरातले?"

"राहायला नव्हतो हो. घरं पाडायला आलो होतो. मशीन मीच चालवत होतो."

"म्हणजे आमच्या घरावर नांगर फिरवणारे तुम्हीच!"

"मीच. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाई तर आम्ही दारात उभे असताना गुडघे टेकून पायरी घासत होत्या. म्हटलं, मावशी, आता हे सगळं पडणार, कशाला कंबर मोडून घेता? तर म्हणाल्या, घाणेरडं घर पाडलं असं कुणी म्हणायला नको."

"ती माझी आई."

म्हाताऱ्यांनी वळून बाईंकडे नीट पाहिलं.

"मग काय केलंत?"

"करणार काय? तुमच्या आई बसमध्ये बसून निघून जाईपर्यंत मशीन चालूच केलं नाही. मुकादम बोंबलत होता. बोंबल म्हटलं."

"आई म्हणायची, घर पडल्याचा आवाज मला आलाच नाही. आम्हाला वाटायचं, आमच्या समाधानासाठी खोटं बोलते."

"खरंच बोलत होत्या हो त्या."

बाईंनी रुमालात तोंड खुपसलं. मग मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"इकडे सरका. तिथं दारातून वारं लागतंय तुम्हाला."