साहेबांचा ट्राय बॉल

हसू नका, पण आमच्या शहाडच्या चाळीत आता माझ्या आईला सगळे घाबरून असतात. झालं काय, अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेच्या उद्घाटनाला आमचे नगरसेवक आलेले. रीत अशी, की पाहुण्याला सोपा बॉल टाकायचा, त्याने मारायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या. चाळीतली सगळ्यात जुनी म्हणून बॉल आईच्या हातात दिला. तिने थेट स्टंप उडवला!

साहेब हसून म्हणाले, "मावशी, पहिला ट्राय बॉल असतो हां, त्यावर आऊट नसतं."

"तो गेल्या निवडणुकीत दिलेला," आई म्हणाली. "नळाला पाणी आलं का? आता आऊट."

सगळे अंपायरकडे बघायला लागले. त्याच्या टी-शर्टवर साहेबांचाच फोटो. त्याने एका हाताने फोटो झाकला आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.