कार्टूनमधला शेठ अन् माझी एकदाणी

हसू नका, पण माझी गळ्यातली सोन्याची एकदाणी कार्टूनमुळं अडकली. लग्नानंतर सासूबाईंनी माझे सगळे दागिने "संभाळून ठेवते" म्हणून कपाटात ठेवले होते. भावाच्या साखरपुड्याला माहेरी मंठ्याला जायचं होतं, म्हणून आईनं दिलेली एकदाणी मी मागितली. त्यांनी कमरेची चावी काढली, तेवढ्यात टीव्हीसमोरून पुतणी ओरडली, "काकू, हा शेठ लई वाईट! सगळ्यांचं सोनं कुलपात ठेवून राह्यला. आपल्या आजीसारखा!"

सासूबाईंनी चावी परत खोचली. "पोरीला हे तूच शिकवलं ना?"

"न्हाई, आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले.

कार्टूनमधल्या शेठनं शेवटी सगळ्यांचं सोनं परत केलं. पुतणीनं टाळ्या वाजवल्या.

मी साखरपुड्याला नुसत्या काळ्या मण्यांच्या पोतीवर गेले. आईनं माझ्या गळ्याकडं पाहिलं अन् माझाच पदर त्यावर ओढला.