काळ्या सोयाबीनचं एक झाड

(शेवंताबाईंच्या तोंडून. गाव किरनापुरजवळ, जिल्हा बालाघाट)

मायं नाव शेवंता. माहेर बाघ नदीच्या पल्याड, गोंदियाकडं, अन सासर अल्याड, मदात फक्त पानी, पन तवा नदी वलांडली म्हंजे दुसऱ्या मुलखात गेल्यावानी वाटे, इतं सारे हिंदीत बोलत अन मले फक्त हौ अन नाई येवढंच येत होतं. लगन विहारात झालं, निघतानी मायनं लुगड्याच्या पदरात तीन पुरचुंड्या बांधून देल्या. मले वाटलं डागिना असन काई. नदीच्या रेतीत चोरून सोडून पाह्यलं तं काय, सोयाबीन! एकीत काळं, एकीत तांबडं, एकीत हिरवट बारीक. असा राग आला मायचा, काय सांगू तुमाले ताई, वाटलं तिथंच नदीत टाकून द्यावं. टाकलं नाई. सासूनं पुरचुंड्या पाह्यल्या अन मले जवळ बसवलं, म्हने तुया मायनं तुले रिकामी नाई धाडलं.

आता तुमी म्हनान, सोयाबीन तं पिवळं रायते. हौ, थे दुकानातल्या थैलीतलं. आमचं त्याच्या अगुदरचं. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हंजे वावराच्या बांधावर, अन घरामागच्या उंच वावरात पेरत जावो आमी, भाजून खावो, भरडून वरन करो, बाळंतिनीले उकडून देवो. अन काळं काळं म्हनतो पन त्याच्यातही सारे एक नाईत बरं. एक बुटकं, लवकर पिके. एक धुऱ्यावरून खाली लोळे, दिवाळी आली तरी हिरवंच. एक असं का बांधीतल्या पान्यात आठ दिवस उभं राहे अन मरे नाई. सासू म्हने, बियानं धरतानी चांगल्याच झाडाचं धरू नको, साऱ्यायचं धर, बुटक्याचं धर, लोळन्याचं धर, आपल्याले काय मालूम पुढच्या साली पानी कसा पडते. अन खरंच होतं थे. पानी लवकर गेला तं बुटकं देत जाये, लांबला तं लोळनं. घरात काळं नाई असं एकही साल गेलं नाई, मी सांगतो तुमाले, एकही साल.

पन लय नाजूक जात. धान दोन साल ठेवा, उगवते. सोयाबीनचा जीव एका सालाचा. त्याले काठीनं झोडपाचं नाई, बियान्याच्या शेंगा आमी बाया हातानं सोलो, गप्पा मारत मारत, बोटं फाटून जात. मंग गाडग्यात राख, निंबाचा पाला, वरून शेनानं तोंड बंद. मिरगात गाडग्याचं तोंड फोडाचं, पेराचं, पन एक मूठ गाडग्यात ठेवाची म्हंजे ठेवाचीच, पेरलेलं सडलं तं दुबार पेराले. अन नवीन पीक आलं का नवी मूठ आत, जुनी मूठ चुलीवर. अन तीन घरी बियानं ठेवाचं, आपल्या घरी अन दोन मैतरनीच्या घरी, एकीचं गेलं तं दुसरीकडचं आनता येते. माया दोघी म्हंजे वच्छला अन कौसल्या. वच्छला इतंच, चार घरं सोडून, कौसल्या बैहरच्या रोडवर, तिच्या गावाले.

अन एक गोष्ट होती. दिलेलं बियानं इचाराचं नाई. हाये का, पेरलं का, असं तोंडातून काढाचं नाई. इचारलं म्हंजे देनारनीच्या मनात खोट, अन घेनारनीवर भरोसा नाई, असं मानत. वच्छला अन मी रोज पान्याले संग जावो, पोराचं बोलो, सुनेचं बोलो, कोनाचं कोनासंग चालू हाये थे बी बोलो, पन काळ्याचं नाई. चाळीस सालाची मैतरीन, पन थे इचारलं नाई.

मंग पिवळं आलं. खोटं काहून बोलू, जास्त पिकते थे. माया मालकानं पयले अर्ध्या वावरात पेरलं, मंग साऱ्या. तांबडं असंच गेलं, एका साली जागाच उरली नाई त्याले. हिरवट बारीक मायाच चुकीनं गेलं, गाडगं सोडून पिलास्टिकच्या डब्यात ठेवलं, झाकन घट्ट, आतून घाम सुटला अन बुरशी लागली. मी जास्त रडली नाई. म्हनलं काळं तं हाये, तीन घरी हाये.

मालक गेले, पोरगा दिलीप भरवेलीच्या खदानीत लागला, तितंच कॉलनीत राह्यते बायको-पोरी घेऊन. मी एकटीनं काळं पेरत राह्यली धुऱ्यावर, पदर खोचून. मागच्या साली दिवाळीच्या अगुदर माया डोळ्याचं आपरेशन झालं, मोतीबिंदूचं, गोंदियाले. डॉक्टर म्हने, बाई, वाकाचं नाई, धूळ नाई, महिनाभर पोरीकडं राहा. माई पोरगी तितंच देली हाये, तिच्याकडं राह्यली. अन इकडं दिलीप दोन दिसाची सुट्टी काढून आला, मायची सेवा कराले! पिवळं कापलं, धुऱ्यावरचं काळंही कापलं, लोळनं हिरवंकच्चं होतं थेही कापलं, अन सारं एकाच थ्रेशरमंदी घातलं. मी फोनवर म्हनलं, काळं हातानं सोलाचं होतं ना बापा. तं हिंदीत म्हनते, अरे माँ, तीन दिन का काम दो घंटे में निपटा दिया, तू आराम कर. त्याले काय बोलू, पोरगं गुनाचं हाये, त्याले कोनी शिकवलंच नाई. सोलन्याचं काम बायायचं, मी त्याले कदी बसवलंच नाई जवळ.

घरी आल्यावर पिवळ्यातून काळं येचत बसली, एका डोळ्यावर हिरवा पडदा, सूप मांडीवर. तीन दिवस येचलं. गाडगंभर निंगालं, चमकत होतं, मले एवढा आनंद झाला का बस. नवी मूठ गाडग्यात टाकली, अन जुनी मूठ काढून उसळ केली, लसून-मिरचीची. दिलीप आलता, वाटीभर खाल्ली, म्हने माँ, तेरे हाथ का स्वाद. मीही खाल्ली. थे जुनं हातानं सोललेलं होतं ताई. उगवनारं होतं त्याच्यातलं काई. मी सोता शिजवलं थे, या हातानं.

मिरगाच्या अगुदर ओल्या पोत्यात शंभर दाने गुंडाळाची रीत हाये, किती उगवते पाहाले. पाचव्या दिसी पोतं सोडलं तं वास आला. सारे फुगून फुटले, लिबलिबीत. अजून शंभर घातले. तसंच. थ्रेशरनं आतून मारलं होतं त्याले, वरून चमकत होतं. मी अंगनात बसून राह्यली, चूल पेटवली नाई त्या दिसी.

मंग गेली वच्छलाकडं. लाज वाटली, पन गेली. म्हनलं, वच्छला, एक मूठ काळं दे वं. तिनं मायाकडं पाह्यलं अन खाली बसली. म्हने, शेवंता, मी तं तीन साल झाले पेरलं नाई, कंबर गेली माई, मले वाटलं तुयाकडं हायेच ना, कौसल्याकडं हायेच ना. आमी दोघी जीप पकडून कौसल्याकडं गेलो. कौसल्या म्हने, अवो बाई, चितळं अन डुकरं सारं खात, मी कवाच सोडलं, तुमी दोघी हाव ना! चहा केला तिनं, कोनी प्याला नाई. येवढ्या सालात एकीनं एक डाव तोंड उघडलं असतं तं!

वच्छलाच्या माळ्यावर तीन सालाचं गाडगं निंगालं. फोडलं. काय दाने, ताई, जसेच्या तसे. सारे पोत्यात घातले, काई राखलं नाई. आठ दिवस, नऊ दिवस, वच्छला रोज ये, पानी शिंपे, दोघी वास घेवो. दोनाले मोड आला. त्या गाडग्यातून दोन. अंगनात लावले. एक कोंबडीनं उपटलं, माईच कोंबडी, मी तिले त्याच दिसी कापली, पन खाल्ली नाई, शेजारी देऊन टाकली.

अन हे एक. इकडं या, पन हात लावू नका. शेंगा भरून राह्यल्या. तुमी म्हनता शहरात थंड खोलीत बियानं ठेवतेत, सरकारचं. असन. आमच्या धुऱ्यावरून कोनी नेलं, मले तं आठवत नाई. अन हे झाड वाचलं म्हंजे काळं वाचलं असं नका लिहू. हे बुटकं हाये. लोळनं गेलं, पान्यात उभं राहे थे गेलं. आता पानी लांबला तं हे एकटं काय करन? मायनं तीन पुरचुंड्या देल्त्या, मायाजवळ एक झाड हाये, मी मायच्या पुढं काय तोंड घेऊन जाऊ.

पिकू द्या. वच्छलाच्या सुनेले देईन, दिलीपच्या पोरीले देईन, तिले समोर बसवून सोलाले लावीन, बोटं फाटली तं फाटू दे. तुमालेही चार दाने देईन ताई, नागपूरले कुंडीत लावा, तुमचं भलं होवो. पन आईका, मी इचारीन. दर मिरगात फोन करीन, सरम नाई ठेवनार आता, म्हनीन, हाये का वं? तवा मले बरं वाटाले पायजे म्हनून हौ नका म्हनू. मेलं असन तं मेलं म्हना, पन त्याच दिसी म्हना.