फिल्टरमागचं जनावर

एसीचं नावच काढू नका माझ्यापुढं! पोलादपूरला सासऱ्यांच्या अंगणात पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी घेऊन आम्ही दोघं निघालो. ब्लोअर चारवर, घोंघाट विमानाचा आणि हवा मात्र चहावर फुंकर मारावी एवढीच.

महाडला रफिकभाईंच्या गॅरेजात गाडी लावली. त्यांनी डाव्या बाजूचा कप्पा उतरवला, फिल्टरमागं बॅटरी मारली आणि झटकन हात मागं घेतला. जागा करून द्यायला मागच्या सीटवर जाऊन बसलेल्या माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, पाय वर घ्या. आत जनावर हाय."

मी पुण्याचा. म्हटलं, "उंदीर असेल हो! शेपटीला धरून ओढा."

"तुम्हीच धरा."

तोवर बायको किंचाळत रस्त्यावर. "अहो, आमच्याकडं सापाला जनावर म्हणतात!"

मीही टुणकन तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. रफिकभाईंनी पकडीनं हळूहळू ओढलं, तर चांगली दोन हात लांब कात बाहेर आली. नुसतीच कात. ब्लोअर लावला, हवा भसाभसा!

माझा जीव भांड्यात पडला. "सुटलो! गेला म्हणायचा."

रफिकभाई कात न्याहाळत म्हणाले, "कपडे बदललेत त्यानं. घर सोडलंय असं मी कुठं म्हटलं?"