रेघेतली फट

पोलाक्का गावच्या पोस्टात व्हर्ना रांगेत उभी होती. तिच्या पुढे ग्लेंडा आणि तिची मावशी यूनिस. ग्लेंडाच्या हातातल्या खोक्यात तिने घडवलेला, रंगवलेला नवा घडा होता, शहरातल्या स्पर्धेला निघालेला.

"उघड, बघू दे तरी."

"आता? चिकटपट्टी लावलीय, मावशी."

"लावलीय तर काढ. अगं! गळ्याभोवतीची रेघ जोडून टाकलीस?"

"गेल्या वर्षी परीक्षक म्हणाले, रेघ अर्धवट राहिलीय. पहिला नंबर हुकला माझा."

"त्यांना काय कळतंय! ती फट आपण मुद्दाम सोडतो. घडा घडवताना तुझा जीव आत गेला, तो बाहेर कुठून येणार?"

"नंबर आला की येईल धावत."

"आणि नाही आला तर? पुढचा घडा काय नुसत्या मातीने घडवणार आहेस?"

"भाजून झालाय गं. रंग निघायचा नाही आता."

"खरवडला की निघतो. चाकू आहे माझ्या पिशवीत."

"ओरखडा दिसेल."

"दिसू दे की."

"नंबर जाईल."

"जाऊ दे की."

"...आण इकडे तो चाकू. तू नको हात लावूस, सगळा गळाच खरवडशील."

"बघा! ही आता मावशीला शिकवायला लागली."

"शिकवत नाही. घडा माझा आहे, फट मीच पाडणार."

दोघी खोकं घेऊन भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. चाकूची करकर सुरू झाली.

"पुढे सरका, बाई!" खिडकीतला माणूस ओरडला. "मधे एवढी जागा कशाला सोडलीय?"

व्हर्ना जागची हलली नाही.

"असू दे तशीच," ती म्हणाली. "त्या येतायत."