सुरुवात तलावावर आहे

गुंजन: बाबा, थांबा. गाडी बंद करा. त्या कमानीवर काय लिहलं आहे ते पाहा.

बकाराम: मले इंग्रजी येते काय? तूच वाच. नववीपर्यंत गेलीस ना.

गुंजन: फिनिश लिहलं आहे. फिनिश!

बकाराम: मंग बरोबर आहे. दौड इथंच आहे.

गुंजन: इथं संपते, बाबा! सुरू कोठी होते?

बकाराम: होवो कोठीबी. शंकरपटात कधी सुरुवातीले गर्दी पाह्यलीस? सारे शेवटाले उभे राहतेत, झेंडीपाशी. अठरा वर्सं जोडी हाकलली मी, मले नको शिकवू.

गुंजन: अन् बैलं? बैलंबी शेवटालेच उभे राहतेत काय?

बकाराम: बैलं... बैलं तिकडं राहतेत. सुरुवातीले.

गुंजन: मंग मी कोन आहो? पाहनारी का पळनारी?

बकाराम: ओरडू नको वं. त्या शिट्टीवाल्याले विचार.

गुंजन: ओ दादा! भोजराज दादा! तुमच्या छातीवर लिहलं आहे म्हनून म्हनते. सुरुवात कोठी आहे?

भोजराज: अरे, नंबर लगाके तुम इधर काय करून राहिले? स्टार्ट तलावाच्या पाळीवर आहे ना. इधर से पूरे पाच किलोमीटर. रनर लोगों की बस गेली, सव्वा सहाले.

गुंजन: दुसरी बस?

भोजराज: नाही ना. आन् रोड बी बंद झाला. गाडी छोड दो, सायकल बी जाऊ देत नाहीत.

गुंजन: किती वाजले?

भोजराज: छह पैंतीस. सात बजे छूटेगी. मगर टेन्शन नको घेऊ, सात-दस तक लाइन खुली राहते. नंबरच्या मागं चिप आहे ना, तू पट्टीवर पाय ठेवशील तेव्हा तुझा टाइम चालू होईल. लोक गेले तर गेले.

बकाराम: चिप म्हंजे?

गुंजन: बैलाच्या कानात बिल्ला ठोकतेत ना, तसं. कोन, कवा गेला ते समजते.

बकाराम: हां! मंग सांग ना तसं. कानात काऊन नाही ठोकला मंग? तुले शोभला असता.

गुंजन: बाबा, मी आता खरंच भांडन.

भोजराज: अंकल, हसू नका. या पार्कच्या पोस्टसाठी पळून राहिली काय ही?

बकाराम: हो. ते मोठी घसरगुंडी आहे ना तुमची, तिच्या डोक्यावर उभं राहून लोकायले एकेक सोडाची नोकरी.

भोजराज: मग अर्ध्या तासाच्या आत यावं लागते. लडकी लोगों को तीस मिनट. आज नाही आली तर सीधा अगले साल.

गुंजन: माहीत आहे. मार्कशीट नाही मागत ना पन?

भोजराज: नाही मागत.

गुंजन: बस. गोंदियात साडीच्या दुकानात घड्या करायलेबी मार्कशीट मागतली होती. साडी काय मार्कशीट पाहून घडी होते?

बकाराम: बस गाडीवर. नहरानं जाऊ. नहर तलावातूनच येते ना? मंग जाईलबी तिथंच.

गुंजन: नहरावरून गाडी जाते?

बकाराम: धानाले पानी सोडाले जातो तं काय उडत जातो मी? बस. पाय वर घे, काटे आहेत.

गुंजन: जोरात चालवा.

बकाराम: चालवून राहिलो.

गुंजन: याच्याहून जोरात तं आईचं जातं फिरते.

बकाराम: तुझी आईच म्हने, तिले पाठवू नका, कोनाले तरी घसरगुंडीवरून ढकलून देईल. मी म्हटलो, अवो, लोकांवर ओरडायचा पगार देतेत तिथं. आपली पोरगी तं पाळन्यापासूनच कामावर आहे.

गुंजन: गणिताच्या सरांवर ओरडली तं शाळा गेली. म्हनजे ओरडनंबी जागा पाहून कराचं असते.

बकाराम: हे अक्कल तवा असती तं—

गुंजन: तं काय? आज दहावी झाली असती अन् साडीच्या घड्या करत बसली असती. बाबा, गाडी काऊन लचकून राहिली?

बकाराम: काही नाही.

गुंजन: मागचं चाक बसलं! पाहा, बाभळीचा काटा. हा एवढा!

बकाराम: उतर. हे पाहा, तलावाची पाळ दिसते. एक किलोमीटर नसन.

गुंजन: मी पळते. तुमी या मागून.

बकाराम: खबरदार. चाल.

गुंजन: बारा मिनिटं राहिले, बाबा!

बकाराम: अन् वरचे दहा. त्यानं सांगतलं ना? जोडी पटावर कधी पळवत नेत नाहीत. चालवत नेतेत, बोलत बोलत. इथं धापा टाकशीन तं तिथं काय पळशीन? चाल माह्यासंगं.

गुंजन: तुमी बैल समजून राहिले मले.

बकाराम: बैल ऐकते तरी.

गुंजन: शिट्टी झाली. ऐकली? सुटले सारे!

बकाराम: सुटू दे. बिल्ला तुझा आहे, त्यायचा नाही. श्वास घे. नाकानं. आला रोड, चपला काढ.

गुंजन: चपला? पट्टे बांधले आहेत मी रबरानं.

बकाराम: डांबरी रोड आहे, अजून थंड आहे. अन् तू कधी चपला घालून पळलीस? आन इकडं, मी धरतो.

गुंजन: बाबा, लाइन! सहा-सात जनच राहिले.

बकाराम: आता. आता पळ. मागं नको पाहू. जा!

(पार्कचं मोठं गेट. उन्हं वर आली आहेत. बकाराम मुलीच्या चपला हातात धरून रस्त्यानं चालत येतो.)

गुंजन: आता आले? पोह्याची दुसरी थाली झाली माही.

बकाराम: पाच किलोमीटर चालत आलो. मागून एक गाडी हॉर्न मारून राहिली होती, म्हने काका तुमी शेवटचे, बसून घ्या. मी म्हटलो, माहा नंबरच नाही. किती लागले?

गुंजन: पानी प्या आधी.

बकाराम: किती?

गुंजन: तीस मिनिटं, अकरा सेकंद.

बकाराम: अकरा जास्त?

गुंजन: जास्त.

बकाराम: त्या काट्यानं. नाही, माह्यानंच. मी इथंच आनून—

गुंजन: बाबा.

बकाराम: फिनिश तरी वाचता आलं असतं मले तं...

गुंजन: अवो बाबा, ऐका तं. पट्टीपाशी फोटो काढनाऱ्यायची गर्दी. एक जन मोबाइल वर करून रोडच्या मधात, बायको त्याच्या बाजूले, पोरगा खाली बसला. मी असी ओरडली, असी ओरडली, का रोड साफ! म्हातारा बी बाजूले, बँडवाला बी बाजूले. तिथं पार्कचे मोठे साहेब उभे होते.

बकाराम: मंग? त्यायलेबी शिव्या देल्या?

गुंजन: थोड्याशा. मले काय माहीत साहेब आहेत? मंग त्यायनं विचारलं, किती झाले? म्हटली, अकरा सेकंद वर, ते तुमच्या लोकायनंच खाल्ले. ते हसले. भोजराज दादाले म्हने, इसको शिट्टी की जरूरत नहीं. अन् मले म्हने, सोमवारपासून ये.

बकाराम: सोमवारपासून.

गुंजन: एक महिना पाहतीन. मंग पक्की. काऊन, रडून राहिले काय?

बकाराम: घाम आहे. चालून पाहा पाच किलोमीटर.

गुंजन: बस आहे साडेआठ वाजता, तलावापर्यंत. पन नंबरवाल्यायलेच बसू देतेत.

बकाराम: तू जा बसनं. मी नहरानं जातो, चाक काढून देव्हाडा गावच्या पंक्चरवाल्याकडं नेतो.

गुंजन: अन् कोठीतरी भलत्याच गावाले पोचाल. चाला, मीबी येते.

बकाराम: पाय दुखत असतीन.

गुंजन: दुखतेत. चपला द्या.

बकाराम: हे घे.

गुंजन: काय झालं? चपला सोडा ना.

बकाराम: काही नाही. साऱ्या जगानं पाह्यलं तुले पळताना. बँडवाल्यानंबी. मी तं तुही पाठच पाह्यली, अन् तीबी वळनापर्यंत.

गुंजन: चपला धरा परत.

बकाराम: काऊन?

गुंजन: नहरावर ते मोहाचं झाड दिसते ना? तुमी झाडापाशी जाऊन उभे राहा. मी इथून येते.

बकाराम: आता? पाय दुखतेत म्हनतेस अन्—

गुंजन: जा ना गा बाबा. लवकर.

बकाराम: जातो. ...हं, आलो झाडापाशी! पळ, गुंजन. पाहून राहिलो.